मॅडम कादंबऱ्या का वाटतात?

वाचनालयात काम करणाऱ्याकडं पुस्तकांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. पुस्तकं निदान कोणी घरी तरी नेतं. किस्से आपल्याच डोक्यात पडून राहतात. म्हटलं, थोडे आज मोकळे करू.

आमचं गाव कर्जत तालुक्यातलं, मिरजगावच्या बाजाराला जाणारं. नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या सकाळी कोणीतरी दारात हजर, "मॅडम, गावाचं नाव कशापायी छापलं?" गाव चांगलं आहे हो, फक्त संशयी आहे!

मी इथं ग्रंथपाल. पेपर वाचायला गर्दी, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांना गर्दी. कादंबऱ्यांकडं मात्र कोणी फिरकत नव्हतं. गेल्या पावसाळ्यात आमचे अध्यक्ष अण्णा, म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर, कपाटांसमोर उभे राहून म्हणाले, "दिवाळी झाली की ही कपाटं गोडाऊनला टाकू. इथं अभ्यासाची टेबलं बसतील."

त्यातली निम्मी पुस्तकं मी स्वतः निवडून आणलेली.

"दिवाळीपर्यंत थांबा अण्णा. लोक नेतील."

अण्णांनी डोळे बारीक केले. "का नेतील?"

तिथून पुढं हे सगळं सुरू झालं.

*

पहिली आयडिया माझ्या पुण्याच्या मैत्रिणीची. कादंबरी खाकी कागदात गुंडाळायची, नाव दिसू द्यायचं नाही, वर गोष्टीबद्दल फक्त एक ओळ लिहायची. "घर सोडून गेलेली सून परत येते, पण एकटी नाही." पुण्यात म्हणे उड्या पडतात!

आमच्याकडं लोकांनी पाकिटं हातात घेऊन हलवून बघितली. एकजण तर म्हणाला, "आत कशावर तरी सही घ्यायचा कागद असंल. हात लावू नका."

एक पाकीट नेलं ते कॉलेजातल्या वैशालीनं. दुसऱ्या दिवशी ते पाकीट घेऊन तिचे वडील दत्तूआबा तरातरा आत आले.

"पोरीला झाकून काय देताव?"

"कादंबरी आहे आबा."

"मंग झाकली कशापायी?"

मी म्हणाले, "तुम्हीच वाचून बघा."

आबा बाकावर बसले. चष्मा लावला. दुपार झाली, पेपरवाले उठून गेले. धारा काढायची वेळ झाली, घरून फोनवर फोन. आबा हलेनात! शेवटी मी कुलूप हातात घेऊन उभी राहिले, तेव्हा त्यांनी पुस्तक काखेत मारलं.

"मग वैशालीला सांगू ना, पुस्तक चांगलं आहे म्हणून?"

"इतक्यात न्हाई सांगता येनार," आबा दारातून म्हणाले. "निम्मं तपासायचं ऱ्हायलंय!"

*

मग ठरवलं, लोक पुस्तकांकडं येत नाहीत तर पुस्तकं लोकांकडं न्यावीत. स्टँडजवळ सलीमभाईंचं सलून आहे. आरशाखाली एक फळी रिकामी होती, तिथं कादंबऱ्या ठेवल्या. नंबर येईपर्यंत वाचा, आवडली तर वाचनालयात या.

आठवडाही झाला नसेल, सलीमभाई माझ्याकडं आले. आवाज एकदम खाली.

"मॅडम, समोरच्या सलूनवाल्यानं माझ्याकडं मानूस पेरलाय."

"कशावरून?"

"रोज येतो. कोपऱ्यात बसतो. नंबर आला की म्हनतो, दुसऱ्याला घ्या. गिऱ्हाईक किती येतं ते मोजत असनार!"

"कटिंगला घाई नसेल त्याला."

"मॅडम, त्याला पार टक्कल हाय!"

मी बघायला गेले. खरंच, कोपऱ्यात एक टकलू गृहस्थ कादंबरीत बुडालेले. सलीमभाईंनी कैची आपटली. "ओ पाव्हनं, खरं सांगा, तुमचं हितं काम काय?"

त्यांनी पानावरची नजरसुद्धा काढली नाही. "का? वाचायला केस लागतात व्हय?"

*

व्हॉट्सॲपसाठी मात्र मी स्वतः डोकं लढवलं. रोज सकाळी एका कादंबरीतला तुकडा स्टेटसला टाकायचा आणि ऐन रंगात तोडायचा. खाली लिहायचं, पुढचं वाचनालयात.

एक दिवस टाकलं, "त्या रात्री सरपंचानं विहिरीत काय टाकलं, ते गावात फक्त तिघांना माहीत होतं."

दहाच्या आत आमचे सरपंच हजर! बसायलाही तयार नाहीत.

"कोन्चा सरपंच?"

"अहो, गोष्टीतला."

"आन् हीर कोन्ची?"

"तीही गोष्टीतलीच."

त्यांनी खिशातला रुमाल काढून मान पुसली. तेवढ्यात माजी सरपंच आत शिरले. त्यांना ते पुस्तक पाहिजे होतं, तातडीनं! दोघांनी एकदम हात घातला. मी पुस्तक आधी आलेल्याला दिलं, नियम म्हणजे नियम. सरपंच जिन्यापर्यंत गेले आणि माघारी आले. टेबलावर वाकून हळूच म्हणाले, "वाचन हुईल सावकाश. तुमी फकस्त त्या तिघांची नावं सांगा."

*

दिवाळी झाली. अण्णा मेजरिंग टेप घेऊन आले. कपाट उघडलं आणि तसेच थबकले. फळ्याच्या फळ्या रिकाम्या.

"पुस्तकं कुठायत?"

"वाचायला गेलीत अण्णा."

"एवढी?" त्यांचा चेहरा कडक झाला. "मॅडम, रद्दीत घातली असतील तर आत्ताच सांगा. मी समितीत सांभाळून घेईन."

मला रडू फुटायचं बाकी राहिलं. एवढं करून चोरीचा आळ! मी म्हणाले, "घरोघर जाऊन बघा."

आणि अण्णा खरंच गेले! संध्याकाळी परत आले ते धुळीनं माखलेले. खुर्चीत बसून पाणी मागितलं.

"सापडली पुस्तकं?"

"सापडली. पण दाखवायला कोणी तयार नाही. मी परत न्यायला आलोय असं वाटतंय सगळ्यांना! एका बाईनं तर पुस्तक पिठाच्या डब्यामागं लपवलं."

मग टेप गुंडाळून खिशात घातला. "टेबलं व्हरांड्यात लावू," म्हणाले. "कपाटं राहू द्या."

*

आता शेवटचा. हा गेल्या महिन्यातला.

एक जुनी रहस्यकादंबरी आहे. बंगल्यात जमीनदाराचा खून होतो, संशय डॉक्टरपासून नोकरापर्यंत सगळ्यांवर जातो आणि शेवटच्या पानावर त्याचा भाचा पकडला जातो. संपलं. पण त्या पानाखाली कोणीतरी पेन्सिलीनं लिहिलं, "भाचा न्हाई. डॉक्टर. नीट वाचा."

बोंबाबोंब! वाचलेले लोक परत पुस्तक मागायला लागले. व्हरांड्यात दोन पार्ट्या पडल्या, भाचेवाले आणि डॉक्टरवाले. कोणी लिहिलं, ते कोणी कबूल करेना.

शेवटी प्रकरण आमच्या पोलीस पाटलांच्या कानावर गेलं. वाचनालयाची पायरी कधी न चढलेला माणूस. ते आले, गंभीरपणे पुस्तक घेऊन गेले.

चार दिवसांनी परत आले. आधी खिडकीतून बाहेर बघितलं. मग दार लोटून घेतलं.

"मॅडम, लिहिनाऱ्याचं बरूबर हाय. डॉक्टरच."

"बरं."

"पर डॉक्टर एकटा नव्हता."

असं म्हणून पाटलांनी शेवटचं पान उघडलं, आणि कानामागची पेन्सिल काढली.