आमच्या आधीची चूल

माझ्या सासूबाई सोवळ्याच्या इतक्या कडक, की त्यांच्या स्वयंपाकघरात मांजरसुद्धा विचार करून यायचं. त्याच बाईंनी एकदा त्या स्वयंपाकघराची जमीन पहारीने उकरली, आणि तीही मी सकाळीच सारवलेली. ठाण्याहून लग्न होऊन मी डोंबिवलीला आले, त्या पहिल्याच हिवाळ्यातली ही गोष्ट. सासूबाईंवर मी आयुष्यभर पुष्कळ चिडले. पण त्या एका संध्याकाळसाठी त्यांना सगळं माफ.

आमचं घर तेव्हा गावाच्या अगदी कडेला होतं. मागच्या दारातून मानपाड्याकडची भातशेतं आणि त्यांच्यापलीकडे मलंगगडाचे डोंगर दिसायचे. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत ही जागा तिथल्या एका शेतकऱ्याकडून घेतली होती. सिमेंट परवान्यावर मिळायचं आणि तेही कधी पुरायचं नाही, त्यामुळे माझ्या लग्नाच्याच वर्षी, पावसाच्या तोंडाशी, भिंती उभ्या राहिल्या आणि जमिनी मातीच्याच राहिल्या.

पाया खणताना काय झालं ते सासूबाईंनी मला आल्या आल्याच सांगून टाकलं होतं. थोडं खणल्यावर काळी राख लागली. राखेखाली शिंपल्या, त्यांच्याखाली पिवळट माती, मग पुन्हा राख आणि पुन्हा शिंपल्या. असं पार कमरेपर्यंत. मामंजींना वाटलं, आपल्या गळ्यात गावचा उकिरडा मारला. ते तणतणत मूळ मालकाकडे गेले. तो अंगणात निवांत बसला होता.

"उकिरडा नाय दादा तो," तो म्हणाला. "कातकऱ्यांचा मुक्काम हाय. भातकापणी झाली का डोंगरातना उतरतान, खाडीवर जातान. पावसाच्या आंधी माघारी. माजे आज्यानं बी त्यांना हयंच बघलेला."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारला कवा?"

मामंजी घरी येऊन सरळ आंघोळीला गेले; वाद हरले की ते हेच करायचे. सासूबाई मात्र खड्ड्याच्या काठावर बराच वेळ बसून राहिल्या होत्या. राख उतरतानाची आणि शिंपल्या परततानाच्या, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. जाताना डोंगरातली लाकडं जाळायची, येताना खाडीतलं खायचं, आणि मधली माती पावसाने आणून टाकलेली. हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. मी मान डोलवायचे आणि मनात म्हणायचे, राखेत इतकं काय बघायचं असतं बाई!

मार्गशीर्षात एका दुपारी उन्हं कलल्यावर मागच्या दारात माणसं येऊन उभी राहिली. डोक्यावर टोपल्या, काखेत गाठोडी, बरोबर एक मरतुकडं कुत्रं. सगळ्यांच्या पुढे एक म्हातारी होती. तिचे डोळे दुधासारखे पांढरे झाले होते आणि ती पाय जमिनीला घासत, चाचपत चालत होती. तिच्या मागे तिचा मुलगा आणि त्याची सून. ती मुलगी माझ्याच वयाची, माझ्यासारखीच नवी नवरी. गळ्यातल्या मण्यांच्या माळा अजून चकचकत होत्या.

म्हातारीचा हात आमच्या भिंतीला लागला आणि ती थबकली. "भित कशी आली हय? हय तं चूल व्हती आमची."

तिचा मुलगा दमलेला होता, वैतागला. "आये, तुला आता नाय गावत. फुडचे साली मुकादमाचे लारीन बसू. तो नेल तया जाऊ."

हा मुकादम वीटभट्टीचा. सगळ्यांना लॉरीत घालून भट्टीवर न्यायला तो तयार होता. म्हातारीने त्याला यंदा परत पाठवलं होतं. तिला आधी नातसुनेला वाट दाखवायची होती, डोंगरापासून खाडीपर्यंत, एकेका मुक्कामाला पाय लावून, तिच्या सासूने तिला दाखवली होती तशी. आतापर्यंतचे मुक्काम बरोबर सापडले होते. इथे भिंत आडवी आली.

म्हातारी पायरीवर बसली. "माजा चुकला," ती म्हणाली. "वाट इसरले मी."

तिचा चेहरा पार पडला. मुलगी सासऱ्याकडे पाहू लागली. आता म्हातारी नाही, सासरा नेईल तिकडे जायचं, हे तिने मनाशी धरलेलं दिसत होतं.

"काही चुकलं नाही तुझं," दारातून सासूबाई म्हणाल्या. "आत ये."

कुंपणापलीकडे शेजारीणबाई कपडे वाळत घालत होत्या, त्यांचा हात दोरीवरच राहिला. म्हातारीही उंबऱ्याशी अडली. आमच्या घरचे नियम तिला आमच्याइतकेच ठाऊक होते. सासूबाईंनी सरळ तिचं मनगट धरलं आणि पाया खणताना सगळ्यात जाड राख जिथे लागली होती, तिथे जात्यापाशी तिला आणून उभं केलं. "इथे."

म्हातारीने पाय फिरवून पाहिला. पायाखाली नुसती गुळगुळीत जमीन. तिने मान हलवली. दारातून तिचा मुलगा हसला, आणि ते हसणं मला मुळीच आवडलं नाही.

सासूबाईंनी पदर खोचला आणि पहार आणली.

"अहो आई, सकाळीच सारवलंय मी!"

"उद्या पुन्हा सारव. हात झिजायचे नाहीत तुझे."

ढेकळं उडायला लागली. घाम पुसत, धापा टाकत त्या उकरत राहिल्या, आणि पहार कशावर तरी कचकन वाजली. तो आवाज सगळ्यांच्या आधी म्हातारीला कळला. ती गुडघ्यांवर बसली, खड्ड्यात कोपरापर्यंत हात घातला आणि चिमटीत राख घेऊन चोळली. मग नातसुनेचा हात ओढून त्या राखेत खुपसला.

"ही माजे सासूची," ती म्हणाली. "हिचे खालची तिचे सासूची."

मुलीने हात तसाच ठेवून मागच्या दारातून डोंगराकडे पाहिलं, मग पुढच्या दारातून खाडीच्या दिशेला. आमची दोन्ही दारं एका रेषेत होती. तेव्हा मला पहिल्यांदा उमगलं, की आम्ही घर बांधलं ते एका वाटेवर. ना मैलाचा दगड, ना कुठे पाटी, आणि आंधळी बाई डोंगर उतरून नेमकी आमच्या दारात आली होती. मला तिचा इतका अभिमान वाटला, जणू ती माझीच कोणी होती.

त्या मुलीने तीन दगड मांडून त्याच खड्ड्यात जाळ केला. घरभर धूर झाला. मामंजी ऑफिसातून आले ते खोकत आणि ओरडतच, "आग लागली की काय?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "पाहुणे आलेत." शेजारीणबाईंनी त्यानंतर संक्रांतीपर्यंत आमच्याकडचं पाणी घेतलं नाही. संक्रांतीला तिळगुळासाठी आपणच आल्या.

त्या उन्हाळ्यात सिमेंटचा परवाना मिळाला आणि शहाबादी फरशी आली. गवंडी म्हणाला, "आई, जात्यापाशी एक फरशी राहिली." सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. तिथे आमच्या आधीची चूल आहे." ती चौकट मी मातीने सारवायची, हे काम माझ्याकडेच आलं.

पुढच्या मार्गशीर्षात ती मंडळी आली तेव्हा सगळ्यांच्या पुढे ती मुलगी होती. पाठीला तान्हं पोर बांधलेलं, आणि गेल्या वर्षी हसलेला तिचा सासरा डोक्यावर टोपली घेऊन मागून येत होता. ती कोणाला न विचारता मागच्या दाराने आत आली, जात्यापाशी बसली आणि पोराचं पाऊल त्या चौकटीतल्या मातीला लावलं. "पाय धुवून यायचं गं!" देवघरातून सासूबाई ओरडल्या आणि लगबगीने बाहेर आल्या. मागच्या माणसांत त्यांनी पाहिलं, मग दाराबाहेर पाहिलं. म्हातारी कुठेच नव्हती. सासूबाईंचं तोंड एकदम उतरलं.

"तुझी म्हातारी कुठे आहे?"

"डोंगरान हाय," मुलगी हसून म्हणाली. "बसलीय उन्हात. बोलली, आता माजा काय काम? तूच जा."

सासूबाईंनी पाठ फिरवली आणि दूध उतू चाललंय म्हणून माझ्यावर ओरडल्या. चुलीवर दूध नव्हतंच.