आम्ही मराठवाड्याचे चौघं आणि जहाजावरचा नाताळ

जहाजावर दोन गोष्टी साठत जातात, कचरा आणि किस्से. कचरा पुढच्या बंदरात उतरवता येतो. किस्से मात्र कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर घरीच आणावे लागतात, आणि कस्टमवाले त्याबद्दल काही विचारत नाहीत! माझ्याकडे असे पुष्कळ जमले. पूर्वी दर सुट्टीत ते ऐकायला घरात हक्काचं माणूस होतं. शैला गेली त्याला आता दोन वर्षं होतील. तेव्हापासून अधूनमधून मी लातूरहून नांदेडला गफारभाईच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन बसतो. उदगीरहून अप्पा येतो, मुखेडहून एसटीनं बालाजी येतो, मग चहा येतो, आणि कोणीतरी म्हणतं, "चला, नाताळचं काढा!"

आम्ही चौघं एकाच प्रवासी जहाजावर होतो. हिवाळ्यात ते दुबईहून सुटायचं आणि आठवडाभर आखातातली बंदरं फिरून परत यायचं. मी हाउसकीपिंगचा सुपरव्हायझर, बालाजी माझ्या हाताखाली केबिन सांभाळायचा, अप्पा बेकरीत आणि गफारभाई इलेक्ट्रिशियन. जहाजभर पन्नास देशांची माणसं, पण जेवणाच्या टेबलावर आमचा मराठवाडा वेगळा!

नाताळ ही जहाजाची दिवाळी. त्या दिवसांत कोणालाच सुट्टी नाही. त्यामुळे लग्न झाल्यापासून माझा एकही डिसेंबर घरी गेला नव्हता. शैला लातूरच्या एका शाळेत शिकवायची. तिनं माझ्याकडे साडी मागितली नाही की दागिना मागितला नाही. फोनवर एवढंच म्हणायची, "अहो, मला एक डिसेंबर द्या. तुम्ही इकडे या, नाहीतर मला तिकडे न्या. नाताळ तरी बघू द्या, कोणासाठी सोडून जाता ते!"

मी म्हणायचो, "पुढच्या वर्षी."

*

नोव्हेंबर संपता संपता एखाद्या बंदरात ट्रक येऊन उभे राहायचे. त्यांतून खोकीच्या खोकी उतरायची. झाडं, माळा, चेंडू, घंटा, हरणं. प्रवासी गाव बघायला उतरले की कामाला लागायचं, आणि ते परत चढेपर्यंत जहाज नटलेलं पाहिजे. झाडं अर्थात प्लास्टिकची. वर्षभर खोक्यात दबून त्यांच्या फांद्या चपट्या व्हायच्या. त्या एकेक करून उघडायच्या, मोकळ्या करायच्या, पानं सरळ करायची. हे काम पहिल्या वर्षी बालाजीकडे आलं.

दोन मजली उंच झाड! बालाजी शिडीवर बसून सकाळपासून पानं सरळ करत होता. दुपारी मी विचारलं, "झालं का रे?"

तो वरूनच म्हणाला, "साहेब, आमच्या मुखेडात खऱ्या झाडाला पान ऱ्हायलं न्हाई, अन् मी इथं खोट्या झाडाच्या पानाला इस्त्री करून राहिलो!"

*

त्याच बालाजीला मग क्रूच्या जेवणघरातलं छोटं झाड दिलं. डेकोरेशन बघणाऱ्या बाईंनी सामानाचं खोकं त्याच्या हाती ठेवलं आणि सांगितलं, "तुझ्या मनासारखं सजव."

त्यानं मनासारखंच सजवलं. झाडाच्या शेंड्यावर सोनेरी गोंडे, दोन बाजूंना शिंगांसारख्या दोन फांद्या वर काढून त्यांना लाल रिबन, खाली गळ्यात घंटांची माळ आणि मागच्या अंगावर लाल मखमलीचं कापड. आम्ही तिघं आत आलो आणि जागीच थांबलो. गफारभाई म्हणाला, "बालाजी, ये झाड हाय का बैल?"

"पोळ्याला असंच सजवतेत."

"अरे, पर नाताळ हाय ना भई!"

बालाजी मागे सरकला, झाडाकडे नीट बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "मग नैवेद्य न्हाई दाखवत."

बाईंना ते इतकं आवडलं, की त्यांनी झाडाला हात लावू दिला नाही. पुढच्या वर्षी "गेल्या वर्षीसारखं" असा हुकूम आला.

*

अप्पाच्या बेकरीत दर नाताळला आल्याच्या बिस्किटांचं गाव बांधत. बिस्किटाच्या भिंती, चॉकलेटची छपरं आणि वरून पिठीसाखरेचं बर्फ. मुख्य शेफ ऑस्ट्रियाचा होता. त्यानं अप्पाला आपल्या डोंगरातल्या गावाचं चित्र दिलं आणि सांगितलं, असं कर. ते चित्र ओट्यावर ठेवलं होतं. त्यावर दूध सांडलं. अप्पाला विचारायचा संकोच वाटला. त्यानं आठवेल तसं गाव बांधलं.

तिसऱ्या दिवशी शेफ बघायला आला. गाव गोल! मध्यभागी एक देऊळ, त्याभोवती गोलाकार दुकानांच्या रांगा, आणि चहूकडे फुटलेले रस्ते. मी लांबूनच ओळखलं. लातूरची गंजगोलाई! अप्पा लहानपणी तिथल्या आपल्या मामाच्या आडतीवर वाढलेला.

शेफनं विचारलं, "चर्च कुठे आहे?"

अप्पानं मध्याकडे बोट दाखवलं. "हे काय. फक्त शिखर आमच्याकडचं हाय."

बालाजी म्हणाला, "उदगीरचे असून उदगीरचा किल्ला न्हाई केला, अप्पा?"

"किल्ल्याला बिस्किट पुरंना!"

ते गाव प्रवाशांना फार आवडलं. एक जर्मन आजीबाई रोज येऊन बघायच्या. एकदा त्यांनी अप्पाला विचारलं, "हे खरोखरीचं गाव आहे?"

"येस मॅडम. लातूर."

"किती सुंदर! तिथे बर्फ फार पडतं का?"

अप्पानं पिठीसाखरेकडे बघितलं. "नो स्नो, मॅडम. नो वॉटर ऑल्सो."

*

बर्फावरून आठवलं. वरच्या डेकवर नाताळला कृत्रिम बर्फ पाडायचे. साबणाच्या फेसाचं मशीन असतं, बटन दाबलं की पांढरे पुंजके उडायला लागतात. दुबईच्या उन्हात मुलं अर्ध्या चड्डीवर त्या बर्फात नाचायची. मशीन गफारभाईकडे.

एका साली आमच्याकडे पाऊस सलग दुसऱ्यांदा दगा देऊन गेला होता. शैला फोनवर आधी नळाचं सांगायची, मग माझी तब्येत विचारायची. नळ किती दिवसांनी येईल ते कोणालाच ठाऊक नसायचं. पुढच्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच्या आधीचा हा हिवाळा.

एक प्रवासी गफारभाईकडे तक्रार घेऊन आला. "आज बर्फ कमी का? काल तर जास्त होतं."

गफारभाईनं माफी मागितली, बटन वाढवलं. तो गृहस्थ गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाला, "हमारे उधर विमानानं ढगात औषध मारलं तरी थेंब पडंना, इधर बटन कमी दाबलं तर कंप्लेंट!"

*

एका वर्षी सांताक्लॉज होणाऱ्या माणसाची पाठ धरली. दुपारी मुलांना खाऊ वाटायचा होता. सगळ्या जहाजात अंगावर तो पोशाख भरेल असं पोट एकच होतं. अप्पाचं!

अप्पा लगेच तयार झाला. अट एकच. तो रोज सकाळी इष्टलिंगाची पूजा करून कपाळाला भस्म लावायचा. "टोपी घालतो, दाढी लावतो, हो-हो-हो म्हणतो. भस्म पुसणार न्हाई."

वेळ नव्हता. कोणी वाद घातला नाही. सिंहासनावर सांता बसला. लाल डगला, पांढरी दाढी आणि टोपीखाली कपाळावर तीन ठळक पांढरे पट्टे.

मुलांची रांग लागली. पहिल्याच मुलीनं बोट दाखवून विचारलं, "सांता, हे काय आहे?"

अप्पानं टोपी जरा वर सारली. मग म्हणाला, "स्नो!"

मुलगी खूश होऊन गेली. आम्हाला वाटलं, निभावलं. संध्याकाळी प्रवाशांच्या जेवणघरात बघतो तर प्रत्येक टेबलावरची मुलं पिठीसाखर बोटांना लावून एकमेकांच्या कपाळावर तीन तीन पट्टे ओढत होती! आया कौतुकानं फोटो काढत होत्या.

मी म्हटलं, "अप्पा, तुमच्या मठात कळलं तर?"

"कळू दे की! इतक्या पोरांना एका दुपारी कोणत्या स्वामींनी भस्म लावलंय?"

*

लातूर जिल्हा झाला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. गुरुजींनी पेढा दिला, पताका लावल्या आणि घोषणा देत आम्हाला गावभर फिरवलं. मी आयुष्यात बघितलेलं पहिलं डेकोरेशन तेच. पण आम्ही जिल्हा झालो तेव्हापासून उदगीरकरांच्या मनात आहे, की आता आमचाही व्हावा. अप्पा त्यातला कट्टर.

जहाजावर क्रूसाठी इच्छांचं झाड असायचं. प्रत्येकानं कार्डावर एक इच्छा लिहून ते फांदीला टांगायचं. जमेल त्यातली एखादी कंपनी पुरी करायची. कोणी घरी फोन मागायचं, कोणी एक दिवस झोप. अप्पा दर वर्षी एकच लिहायचा, "उदगीर जिल्हा व्हावा."

कार्डं वाचणारी मारिया फिलिपिन्सची. कर्मचाऱ्यांचं सगळं तिच्याकडे असायचं. तिनं पहिल्या वर्षी अप्पाला बोलावून फार गंभीरपणे सांगितलं, "कॅप्टनच्या अधिकारात हे बसत नाही."

अप्पा म्हणाला, "बसत न्हाई ते मलाबी ठाऊक हाय. मुंबईवाल्यांना सांगून थकलो, म्हणून इथं टांगलं."

दुष्काळाच्या त्या साली मी पुन्हा शैलासाठी अर्ज केला होता. बायकोला एका फेरीसाठी आणता यायचं, पण नाताळात कधी नाही. लाइफबोटीत जितक्या जागा तितकीच माणसं जहाजावर, आणि नाताळात एकही जागा रिकामी नसायची. अर्ज परत आला. शैलाला फोन केला. ती म्हणाली, "असू द्या. नळ आलाय, ठेवते."

जेवताना मी तिघांना सांगितलं.

दोन दिवसांनी मारियानं मला बोलावलं. तिच्यासमोर तीन कार्डं होती. तीन वेगवेगळ्या अक्षरांत, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, एकच इच्छा होती: सुधीरची बायको नाताळला जहाजावर यावी. ती म्हणाली, "एका कुटुंबानं आजच बुकिंग रद्द केलंय. तुझ्या बायकोला चार दिवसांत दुबईला पोचता येईल?"

मी धावत बेकरीत गेलो. बालाजी तिथेच होता. तो अप्पाला म्हणत होता, "अन् यंदा उदगीरचं काय?"

अप्पा कणीक तिंबत होता. मान वर न करता म्हणाला, "उदगीर कुठं पळून चाललंय!"

*

मुख्याध्यापिकेशी भांडून रजा घेऊन शैला आली. पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे. बालाजीनं माझी केबिन पाहुण्यांच्या केबिनसारखी सजवली होती. फुलदाण्या, बर्फाची बादली, चहाची किटली, न्हाणीघरात केस झाकायच्या प्लास्टिकच्या टोप्यासुद्धा. "वैनी, काही लागलं तर घंटी मारा," म्हणून तो तीनदा सांगून गेला.

मला ड्यूटी होतीच. नाताळच्या आदल्या दिवशी ती एकटीच सगळं जहाज फिरली. दोन मजली झाड, बिस्किटांची गोलाई, डेकवरचं बर्फ, सगळं बघून आली. मी विचारलं, "कसं वाटलं?"

"छान आहे. पण एवढ्यासाठी तुम्ही थांबत होता?"

पंचवीस तारखेच्या दुपारी आमच्या जहाजावर उलटं असायचं. अधिकारी एप्रन बांधून क्रूला वाढायचे. लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही दोघं नाताळाच्या दिवशी एका टेबलाला बसलो होतो. खुद्द कॅप्टन पाण्याचा जग घेऊन आले. तिचा पेला अर्धा भरला तसा शैलानं वर हात आडवा धरला. "बस, बस. अर्धाच."

कॅप्टनना वाटलं, पाणी आवडलं नाही. त्यांनी ज्यूस विचारला. मी त्यांना सांगितलं, "आमच्या गावात हल्ली पाहुण्यांनाही अर्धाच पेला देतात."

कॅप्टन हसून म्हणाले, "मॅडम, आम्ही समुद्राचं पाणी गोडं करतो. हवं तेवढं आहे. भरू द्या."

मी तिला मराठीत सांगितलं. तिनं हात काढला नाही.

"त्यांना म्हणावं, आभारी आहे. पण सवय लागली तर घरी जाऊन काय करू?"

*

चार दिवसांनी दुबईला ती उतरली. मी तिला शिडीपर्यंत सोडलं. तिचं विमान सुटायच्या आतच इकडे क्रूच्या केबिनची तपासणी निघाली. हॉटेल विभागाचे डायरेक्टर नॉर्वेचे, शिस्तीचे फार कडक. तपासणी नेहमी सुपरव्हायझरच्या केबिनपासून सुरू करायचे. ते पुढे, मी मागे, माझ्या मागे बालाजी.

त्यांनी दार उघडलं आणि तिथेच उभे राहिले.

टेबलावर दोन्ही पेले काठोकाठ भरलेले. त्यांवर बशा झाकलेल्या. किटली भरलेली. बर्फाची बादली भरलेली, तिच्यावर न्हाणीघरातली प्लास्टिकची टोपी ताणून बसवलेली. फुलदाण्यांतली फुलं काढून उशाशी ठेवलेली, आणि फुलदाण्याही भरलेल्या, त्यांच्यावरही टोप्या! न्हाणीघरात दात घासायचा मग, साबणाची डबी, कचऱ्याचा छोटा डबासुद्धा घासून लखलखीत करून भरून ठेवलेला. पलंगाशेजारी पाण्यानं भरलेल्या बाटल्यांची एक रांग.

बालाजी माझ्या कानाशी पुटपुटला, "वैनी पाणी भरून गेल्या."

डायरेक्टरनी माझ्याकडे बघितलं. "हे काय आहे?"

मी युनिफॉर्म खाली ओढून सरळ उभा राहिलो.

"डेकोरेशन, सर."

"ख्रिसमसचं?"

"येस, सर."

ते वाकले. बादलीवरची टोपी बोटानं हलकेच दाबून बघितली. पुन्हा माझ्याकडे बघितलं, जरा जास्त वेळ. मग बाहेर आले आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.

"ठीक आहे. मग बाकीचं डेकोरेशन उतरेल तेव्हाच हे उतरवा. तोवर कोणी हात लावू नका."