पसंतीक्रम एक, कॉलेजं दोन

अकोल्याहून निघालो तेव्हा सायलीचा फॉर्म माझ्या मोबाईलवर भरून तयार होता, हे आधीच कबूल करून टाकतो. सायली माझी मुलगी, यंदा बारावी झालेली. एमबीबीएसला लागतील एवढे गुण पडले नाहीत, तर तिने फिजिओथेरपी पक्की केली. गोळ्या लिहून देण्यापेक्षा हातांनी माणूस बरा करायचा, असं तिचं म्हणणं. मिळण्यासारखी दोन कॉलेजं होती, दोन्ही कोल्हापूर जिल्ह्यात. एक शहराला लागून, दुसरं पार गडहिंग्लजला. पसंतीक्रम भरायची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचला संपत होती. आम्ही बुधवारी निघालो आणि मी मंगळवारीच, तिला न विचारता, शहरातलं कॉलेज एक नंबरवर टाकून ठेवलं होतं. शेवटचं बटण तेवढं दाबायचं राहिलं होतं. स्टेशन जवळ, वसतिगृहाच्या दाराशी पहारेकरी, बापाला आणखी काय हवं? मग बघायला नेलंच कशाला, असं विचाराल. वरवर लोकशाही दिसावी म्हणून, दुसरं काय!

गुरुवारी दुपारी कोल्हापुरात उतरलो आणि स्टेशनसमोरच मिसळ मागवली. "कट देऊ का, पावणं?" मालकाने विचारलं. (कट म्हणजे वरचा तिखट लाल रस्सा. पावणं म्हणजे पाहुणे. इथे अनोळखी माणूस पाहुणाच असतो.) आम्ही वऱ्हाडी, तर्रीवर पोसलेले. होऊ द्या म्हणालो. तिसऱ्या घासाला नाकाडोळ्यांतून धारा लागल्या. त्यातून माझा उजवा खांदा चार महिने आखडलेला, हात वर जात नाही, म्हणून डाव्या हाताने तोंड पुसत बसलो. मिसळीबरोबर पाव नव्हता, ब्रेडचे जाड तुकडे होते. मालकाने न मागता दह्याची वाटी आणून ठेवली आणि म्हणाला, "पाणी पिऊ नगासा, आणखी चढतंय." सायली इतकी हसली की शेजारच्या टेबलावरचेही हसायला लागले.

तिथून रिक्षाने पहिलं कॉलेज गाठलं. इमारत अशी चकचकीत की चपला बाहेर काढाव्यात की काय, असं वाटलं. टाय लावलेल्या एका साहेबांनी आम्हाला यंत्रं दाखवली. दोन यंत्रांवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नव्हतं. पण ओपीडी भरलेली होती. बाकड्यांवर बायाबापड्या दाटीवाटीने बसलेल्या. मी सायलीला कोपराने ढोसलं. "बघ, पेशंट किती! शिकायला हेच पाहिजे."

साहेबांना फोन आला, ते बाहेर गेले. आम्ही बाकड्याच्या कडेला टेकलो. शेजारी एक आजी होती. सायलीने तिला विचारलं, "आजी, काय दुखतंय?"

आजीने माझ्याकडे पाहिलं. मी इस्त्रीचा सफारी घातलेला, मांडीवर कागदांची फाईल. "तुमीच ते तपासणीचं सायेब न्हवं?" ती म्हणाली. "मग लिवा की, गुडघा दुखतोय म्हणून."

"मी कसला साहेब! मुलीचं कॉलेज बघायला आलोय."

"आगं बया!" आजीने कपाळावर हात मारला. "आमाला वाटलं तुमीच. सकाळपास्नं बसलोय. वडाप धाडलं हुतं गावात, जेवाण बी दिलं." (वडाप म्हणजे माणसं कोंबून नेणारी भाड्याची जीप.) त्या दिवशी कॉलेजची सरकारी तपासणी व्हायची होती, म्हणून पेशंट गोळा करून आणले होते. मला हसावं की चिडावं कळेना.

सायली हसली नाही. "पण गुडघा खरंच दुखतो का, आजी?"

"दुखतोय की. तीन वरसं झाली. हितं अजून कुणी हात लावला न्हाय."

बाहेर पडल्यावर मी म्हणालो, "सगळीकडे असंच चालतं गं. आपण इमारत बघायची." सायली मागे वळून ओपीडीच्या दाराकडे बघत राहिली. तिचं ते बघणं मला फार खटकलं, पण फॉर्ममध्ये मी काही बदललं नाही.

शुक्रवारी सकाळी गडहिंग्लजची एसटी धरली. दोन्ही बाजूंना ऊस, गाडीत गुळाचा वास आणि एकमेकांशी भांडल्यासारखं प्रेमाने बोलणारी माणसं. मध्येच दुकानांच्या पाट्या कानडी झाल्या. मी घाबरून कंडक्टरला विचारलं, गाडी चुकलो की काय. तो सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बसा की गप पावणं, कर्नाटकातनं जातीया आन् परत आपल्यातच येतीया!" पुढची अर्धी गाडी वळून मला बघू लागली. सायलीने खिडकीबाहेर तोंड केलं, पण खांदे हलत होते तिचे.

गडहिंग्लजचं कॉलेज म्हणजे दोन मजली साधी इमारत. टाय नाही, यंत्रंही मोजकीच. ओपीडीत दहा-बारा माणसं होती, आणि एकही नुसती बसलेली नव्हती. ऊसतोडीने कंबर गेलेला एक बाप्या चटईवर पालथा पडून ओरडत होता आणि एक पोरगी त्याला दटावत होती. विभागाच्या मॅडमनी आम्हाला खुर्चीही दिली नाही. माझ्याकडे बघून थेट म्हणाल्या, "उजवा हात वर करा बघू." शिपायाने पुढे केलेला चहाचा कप मी डाव्या हाताने घेतला होता, तेवढ्यावरून त्यांनी ओळखलं होतं.

हात खांद्याच्या रेषेत येऊन थांबला. मॅडमनी तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीला बोलावलं, शिरोळची होती ती. तिने माझ्या खांद्यावर बोटं ठेवली.

"तिथं काय हाय?" मॅडम कडाडल्या. "दुखतंय कुठं, बोट कुठं! पावण्यांस्नी विचार की."

पोरगी लाजली नाही. मला विचारलं, पुन्हा चाचपलं, आणि नेमकी जागा सापडली तेव्हा मी "आई गं!" म्हणून केवढ्याने तरी ओरडलो. मग अर्धा तास तिने माझा हात हळूहळू फिरवला, भिंतीवर बोटांनी वर चढत जायला शिकवलं. जाताना माझा हात कपाळापर्यंत पोचत होता. चार महिन्यांत पहिल्यांदा.

"घरी करणार न्हाईसा, ठाऊक हाय मला," मॅडम म्हणाल्या.

मी वसतिगृहाचं विचारलं. "गळतंय," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू? पत्रे बदलायचं चाललंय. दोन वर्षं चाललंयच." जाऊन पाहिलं. पावसाची भुरभुर होती आणि खरंच गळत होतं, एका खाटेजवळ बादली होती, फोनला रेंज फक्त कॉलेजच्या गच्चीवर. इथे पोरीला ठेवायचं? अकोल्याहून इतक्या लांब?

चार वाजता एसटी स्टँडवर चहा घेतला. तासाभरात मुदत संपणार होती. सायली फुंकर घालत निवांत चहा पीत होती. शेवटी मलाच राहवेना. "सायले, एक चूक झालीय माझ्याकडून. तो फॉर्म मी..."

"माहीत आहे, बाबा. ई-मेल माझा दिलाय तुम्ही. मंगळवारीच मेल आला, पसंतीक्रम भरल्याचा."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही चिडला असता, मी रडले असते आणि पहिला नंबर तोच राहिला असता. म्हणून म्हटलं, जाऊन तर येऊ."

मला लाज वाटली. खरंच वाटली, उगाच कशाला लपवू? मी मोबाईल तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला नाही. "तुम्हीच भरा. पण मला गडहिंग्लज हवंय. बादली ठेवीन मी खाटेजवळ."

मी क्रम बदलला. ओटीपी आला, तो टाकला. चारदा वाचून मग बटण दाबलं आणि फॉर्म कुलूपबंद झाला. सायलीने माझ्या दुखऱ्या खांद्यावर डोकं टेकलं. चांगलंच दुखलं, पण हललो नाही.

परतीच्या गाडीत ती झोपून गेली आणि मी जागाच राहिलो. घरी आल्यावर बायकोने विचारलं, देवीचं दर्शन घेतलं का, चपला आणल्या का. काहीच केलं नव्हतं, त्यामुळे भरपूर बोलणी खाल्ली. कोल्हापूरला बघायला पुष्कळ आहे म्हणतात, आम्ही दोन कॉलेजं आणि एक स्टँड बघून आलो. नातेवाईक विचारतात, मुलीला कॉलेज दाखवायला नेलं होतं ना? पहिले काही दिवस मी हो म्हणत होतो. आता खरं तेच सांगतो. तिने मला नेलं होतं.