२५२० गणपती, बाकी शून्य

माझ्या हुशारीची फजिती ऐकायचीय? चहा ओता, सांगतो.

पेणला रामवाडीत अण्णांच्या गणपतीच्या कारखान्यात मी माती मळायचो. शाळा सातवीत सुटली, पण आकड्यांचा नाद काही सुटला नाही. हात मातीत आणि डोकं भागाकारात. असाच एकदा मला २५२० सापडला. एकपासून दहापर्यंत कशानेही भागा, बाकी शून्य. याहून लहान असा आकडा शोधून दाखवा. मी महिनाभर शोधला, मिळाला नाही.

आता आमचे रोह्याचे शेठ. छोट्या मूर्ती घ्यायचे आणि एका खोक्यात किती भरायच्या ते दरवर्षी बदलायचे. अट एकच, सगळे खोके सारखे. एक जरी खोका अपुरा भरलेला आला, तर सगळा माल परत.

मी पहिल्यांदाच अण्णांसमोर तोंड उघडलं. "अण्णा, यंदा २५२० मूर्ती करा. शेठ कितीचेही खोके मागू देत, एक उरणार नाय."

"नक्की?"

"व्हय."

"मग यंदा पॅकिंग तुझ्याकडे."

मला मखरात बसल्यासारखं वाटलं.

शेठनी दहाचे खोके मागितले. टेम्पो दारात आला. मी भरत गेलो, तर शेवटच्या खोक्यात नऊच.

"नऊचे भर," अण्णा म्हणाले, "मी शेठना फोन करतो."

नऊचे भरले. शेवटी आठ. आठाचे भरले, शेवटी सात. दुपार उलटली. मग कागदावर सातने भागलं, बाकी सहा. सहाने भागलं, बाकी पाच. दर वेळी एकच गणपती कमी. पण खरं सांगू? मजाही वाटत होती. इतक्या शिस्तीत चुकणारा आकडा मी पाहिला नव्हता.

मूर्तींचे डोळे आखणाऱ्या सखूकाकूंनी मान वर केली. "अरे, पहिला गणपती कारखान्याचा. तो कधी विकतात काय? सकाळी त्याला हार कोणी घातला?"

मीच घातला होता.

म्हणजे मूर्ती २५१९. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय, अण्णा माझ्याकडे बघतायत.

"अकराचे भर," काकू म्हणाल्या. "दहाच्या खोक्यात मधे एक बसतोय."

भरले. दोनशे एकोणतीस खोके, बाकी शून्य.

"काकू, तुम्ही अकराने कधी भागलंत?"

"भागायचं कशाला? तेवढाच एक तू बघायचा ठेवला होतास."

पॅकिंग तेव्हापासून काकूंकडे आहे. मी माती मळतो.