हरणांच्या बागेतलं माहेर

चकलांब्याहून आमचा टेम्पो सुटला तेव्हा मी ड्रायव्हरशेजारी बसले होते. अण्णा आणि धाकटी मंगल मागं, भांड्याकुंड्यांत. काविळीनं आई जाऊन दोन महिने झाले होते आणि तेवढ्या दिवसांत अण्णा कुणाशी धड बोलले नव्हते. पावसानं पाठ फिरवलेली, विहिरीचा तळ उघडा पडलेला. गावाची जनावरं बरी करणाऱ्या माझ्या बापाला स्वतःच्या घरात पाऊल टाकवत नव्हतं. मांजरसुंब्यापलीकडच्या सहकारी साखर कारखान्याला बागेतलं प्राणिसंग्रहालय चालवायला माणूस हवा होता. अण्णा लगेच हो म्हणाले. तुम्ही सगळे गावकरी वेशीपर्यंत आलात, डोळे पुसत उभे राहिलात. आज खरं सांगते, मला रडू येत नव्हतं. मी तेरा वर्षांची होते आणि आम्ही अस्वलाशेजारी राहायला निघालो होतो!

बागेमागं दोन खोल्या मिळाल्या. पहाटे मोर असे ओरडले की मंगल अंथरुणातून ताडकन उठली. चितळं, दोन कोल्हे, ससे आणि दरवेशाकडून सोडवून आणलेलं ते म्हातारं अस्वल. सगळं आमचं! गावाकडच्या मैत्रिणींना कधी एकदा सांगते असं झालं होतं.

अस्वल मात्र काही खात नव्हतं. मंगलचंही आई गेल्यापासून तसंच. अर्धी भाकरी तशीच राहायची. एका दुपारी अण्णांनी तिच्या ताटात गूळभाकरी वाढली आणि तिला जाळीसमोर बसवलं. म्हणाले, "तू एक घास खा, मंग त्याला एक टाक. तू न्हाई खाल्लं तर ते बी खानार न्हाई." मंगलनं घास घेतला. अस्वलानं बराच वेळ हुंगलं आणि खाल्लं. त्या दुपारी दोघांनी मिळून तीन भाकरी संपवल्या. मी चुलीपुढं भाकरी थापत होते आणि हसत होते.

मग एके सकाळी चेअरमन आले. माणूस भला होता, पण त्यांनी हात टेकले होते. "टँकरचं पानी मानसांना पुरंना, अण्णा. जनावरं दुसरीकडं पाठवू. तुमी बी गावाकडं जावा." अण्णा उठून अस्वलाच्या जाळीशी जाऊन बसले. पुन्हा तेच गप्प तोंड. मला धडकी भरली.

दुसऱ्या दिवशी हरणांसाठी उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, आणायला गेले, तर कारखान्यामागच्या नालीतून वाफाळतं पाणी चाललेलं. तशीच अण्णांकडं पळत सुटले. अण्णांनी इंजिनिअरसाहेबांना गाठलं. ते म्हणाले, रस आटवताना वाफ होते, तिचंच हे पाणी. अण्णा उडालेच. "म्हंजी उसातलं पानी! मंग वाया कावून घालायचं?" साहेबांनी ते तपासलं, गार करून जनावरांना चालेल म्हणाले. ऊसतोडीच्या टोळीतली माणसं काम आटपून कुदळी घेऊन आली, बायका पाट्या घेऊन. आठ दिवसांत नालीपासून बागेतल्या हौदापर्यंत, वाटेत पाणी गार होईल असा लांब चर खोदून झाला. पाणी हौदात पडलं तेव्हा चितळं आधी लांब पळाली, मग एकेक करून आली. आणि अण्णा, आमचे अण्णा, चिखलात उभे राहून मोठ्यानं हसले. "पोरींनो, बगा, पितेत! लई पितेत!" उसाचं गाळप संपेपर्यंत हौद आणि बागेतलं तळं काठोकाठ भरून घेतलं, ते पाणी पावसापर्यंत पुरवलं. जनावरं कुठंच गेली नाहीत. आम्हीही.

आता मी पुण्यात नवव्या मजल्यावर राहते. सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या वेळांवरून भांडणं चालतात, पार्किंगवरून तर रोजच. तुमच्यातले कितीतरी जण असेच कुठं कुठं फ्लॅटमध्ये राहायला गेलात. गाव विचारलं की मी चकलांबाच सांगते. आईची राख तिथल्या मातीत आहे.

पण पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायची वेळ आली तेव्हा मी बागेमागच्या त्या दोन खोल्यांतच गेले. मुलगी झाली. अण्णा आनंदानं इतके भांबावले की सकाळी फाटक उघडायचंच विसरले. बाहेर शाळेची सहल ताटकळत उभी होती. मंगल ओरडली तेव्हा ते पळत गेले, कुलूप काढलं आणि सगळ्या पोरांना तसंच आमच्या दारात घेऊन आले. म्हणाले, "आदी आमची नात बगा. मंग बाकीची जनावरं बगा."