व्याह्यांचं झोक्याचं ठरेना

आमच्या शहरात दोन गोष्टी कधी येतील हे देवालाही सांगता यायचं नाही. एक नळाचं पाणी, आणि दुसरा आमच्या व्याह्यांचा निर्णय. त्यातलं पाणी निदान येतं तरी. व्याही बांधकाम खात्यातून निवृत्त झाले. उभी नोकरी पूल बांधण्यात गेली, त्यामुळं जगातली प्रत्येक वस्तू आज ना उद्या खचणार, असं ते धरूनच चालतात. माझ्या मुलीचं त्यांच्या मुलाशी जमलं तेव्हा मुलगी त्यांनी चहा निवायच्या आत पसंत केली. पण मंगल कार्यालय पसंत करायची वेळ आली तेव्हा चपला काढून स्टेजवर चढले आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत उड्या मारत सुटले. कार्यालयाचा मॅनेजर माझ्या कानाशी लागला, "नवरदेवाचे वडील लई खूश दिसायलेत." मी म्हटलं, "व्हय." दुसरं काय सांगणार?

हर्सूलला त्यांचं घर आहे आणि घरामागं बरीच मोकळी जागा आहे. नातू शाळेत जायला लागला, धाकटी नात पळायला लागली, तेव्हा माझ्या मुलीनं एकदा जेवताना सहज विषय काढला, "मामा, मागं मुलांसाठी झोका-घसरगुंडीचा सेट बसवू या का?" तिच्या सासरी सासऱ्यांना मामा म्हणतात. मामांनी घास खाली ठेवला आणि "बघू" म्हणाले. या घरात 'बघू' म्हणजे नकार नव्हे. खात्याकडं प्रस्ताव पोचला, एवढाच त्याचा अर्थ.

दुसऱ्या दिवसापासून बघणं सुरू झालं. लोखंडाचा घ्यावा तर मे महिन्यात त्यावर पोरांऐवजी पोळ्या भाजाव्या लागतील, प्लास्टिकचा घ्यावा तर उन्हानं तडकेल, लाकडाचा घ्यावा तर वाळवी टपलेलीच. मग सावलीचा अभ्यास निघाला. सकाळपासून खुर्ची टाकून ते मागं बसायचे आणि भिंतीची सावली सरकेल तशी पांढऱ्या फक्कीची रेघ ओढायचे. संध्याकाळपर्यंत अंगण असं काही आखलं जायचं, की नातवंडं त्यावर लंगडी खेळायला लागली. ती खेळतायत हे पाहून व्याही मला म्हणाले, "बघा इवाई, सेट नसताना बी खेळतातच की." आणि लगेच चेहरा पाडून, "पण लंगडीत पाय मुरगळतो."

एकदा मला घेऊन ते दुकानात गेले. बरोबर भिंतीचा सरळपणा बघायचा ओळंबा होता आणि गव्हाचं पोतं होतं. ओळंबा प्रत्येक खांबाला लावून झाला. मग आम्ही दोघांनी पोतं झोक्यावर बसवलं आणि व्याही त्याला मायेनं झोके देऊ लागले. दुकानदार हात जोडून म्हणाला, "चचा, इसपे बच्चे बैठेंगे, गेहूं नहीं." व्याही त्याच्याकडं न बघताच म्हणाले, "गहू रडत नाही. म्हणून आधी गहू." त्यानंतर पोतं घसरगुंडीवरून सोडलं. ते सुसाट खाली आलं, आपटलं, उसवलं आणि दुकानभर गहू झाले. आम्ही दोघं व्याही गुडघ्यांवर बसून गहू गोळा करत होतो, तेव्हा ते समाधानानं पुटपुटले, "वेग जास्त आहे. आधीच कळलं ते बरं झालं."

असा उन्हाळा गेला. माझी मुलगी म्हणाली, "मामा, या दोघांची लग्नं ठरायच्या आत घेऊ." मामा हसले नाहीत. आणि नेमकं त्याच आठवड्यात नातू फाटकाला लोंबकळून झोके घेताना पडला. गुडघा खरचटला, एवढंच. तासाभरात तो पुन्हा धावत होता. पण व्याही त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी सगळ्यांना बोलावून त्यांनी निकाल सांगितला, "सेट नको. हा विषय बंद." इतक्या झटपट ठरवताना त्यांना कुणीच पाहिलेलं नव्हतं. नात आईच्या मागं जाऊन उभी राहिली.

नागपंचमीला मी त्यांच्याकडं जेवायला होतो. कन्नडहून एसटीनं त्यांची थोरली बहीण आली होती, सगळ्यांची अक्का. पावसानंही पुरत्या न गेलेल्या अंगणातल्या रेघा बघून तिनं विचारलं, "हे काय रं, कबड्डी भरवायलास का?" माझ्या मुलीनं सगळी हकीकत सांगितली. अक्का हसली नाही. पदर सावरून तिनं भावाकडं पाहिलं. "अजून तेच धरून बसलास?"

व्याह्यांनी ताट पुढं सारलं. मग अक्कानंच मला सांगितलं. लहानपणी अशाच एका पंचमीला मळ्यातल्या कडुलिंबाला यांनी झोका बांधला होता, आणि झोके देणारेही हेच. गाठ सुटली. अक्कानं आपला उजवा हात लांब केला. तो कोपरात वाकडाच राहिला होता.

"मी गाठ तपासली नव्हती," व्याही म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

"आरं, तू तवा एवढासा! आन् पडल्यालं कुणाच्या ध्यानात हाय? वर गेले तवा पार वेशीपल्याडची गाडीवाट दिसली, ते ध्यानात हाय मला. मला दिसलं ते पोरांना दिसू देणार नाय व्हय तू?"

व्याही उठले, हात धुतले आणि मला म्हणाले, "चला." दुकानात त्यांनी या वेळी काही तपासलं नाही. फक्त झोक्याची साखळी जरा वेळ मुठीत धरून उभे राहिले.

दोन दिवसांनी सेट बसला. नातवंडं धावली तशी अक्का म्हणाली, "थांबा रं, आधी मी." पदर खोचून ती झोक्यावर बसली. व्याह्यांनी बोटांच्या टोकांनी हलकेच ढकललं.

"जोरात दे की."

त्यांनी जोरात दिला. अक्का वर गेली, लहान पोरीसारखी ओरडली, नातवंडांनी टाळ्या पिटल्या. माझं लक्ष मात्र व्याह्यांकडं होतं. झोका पुढं गेला की त्यांचे दोन्ही हात तसेच पुढं पसरलेले राहत, आणि ती परत हाताशी येईपर्यंत ते खाली येत नसत.