खालच्या खोलीतला टीव्ही

जयप्रकाश खांबेटे गुडघ्याबद्दल खोटं बोलले. गुडघा ठणठणीत होता, मन उडालं होतं. पण बासष्टीच्या माणसाने मित्राला सांगायचं तरी कसं, की फॉर्म्युला वनवरून माझं मन उडालंय? गुडघा दुखतो म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही.

त्यांचं हे वेड साधंसुधं नव्हतं. २०११ साली नोएडाला शर्यत झाली, तेव्हा खांबेटे रजा टाकून आणि बायकोची बोलणी खाऊन तिथे गेले होते. परतीच्या विमानात शेजारी अगदी खांबेट्यांच्यासारखीच लाल टोपी घातलेले, नवी मुंबईतल्याच बोनकोडे गावचे कमळाकरशेठ मढवी. एक सानपाड्याचा पगारदार, दुसरा गावचा घरमालक. एरवी अशा दोघांची गाठ पडायची ती भाडेकरारावर. इथे मात्र विमान उतरेपर्यंत गट्टी जमली. तेव्हापासून शर्यतीचा रविवार म्हणजे शेठच्या घराचा तिसरा मजला, हे ठरूनच गेलं. शेठनी पहिल्याच दिवशी अरे-तुरे सुरू केलं. खांबेटे चौदा वर्षांनीही 'तुम्ही'वरच अडकलेले. पुढे बायको जयमाला गेली, मुलगी अस्मिता कॅनडात स्थिरावली, आणि खांबेट्यांना नावाने हाक मारणारे शेठ तेवढे उरले.

घोळ केला तो अस्मितानेच. तिने बापाच्या टीव्हीवर कसलंसं ॲप घालून दिलं. एका दुपारी खांबेट्यांनी सहज मोटरसायकलची शर्यत लावली. शेवटच्या फेरीत चौघे एकमेकांना खेटून, वळणावर कोपरं जमिनीला घासत आले, आणि रिकाम्या घरात खांबेटे चक्क उठून उभे राहिले. मग रॅली सापडली. बर्फातून, जंगलातून एकटी गाडी घड्याळाशी झुंजत धावते, रस्त्यात बिघडली तर ड्रायव्हरच खाली उतरून पाना हातात घेतो. हे सगळं पाहून रविवारी शेठकडे गेले, तर पडद्यावर गाड्या वरातीसारख्या एकामागोमाग चाललेल्या. पुढचा पुढे, मागचा मागे आणि दोन तास टायरवर चर्चा. इतकी वर्षं आपण हेच बघत होतो?

शेठना त्यांनी सुचवून पाहिलं, "एकदा बाईकच्या शर्यती बघा हो."

"बाईक काय बगाची? आमचा दिपेश रोज दारान फिरवतं," शेठ म्हणाले. दिपेश त्यांचा मुलगा. विषय तिथेच संपला.

मग खांबेट्यांनी दोन रविवार बुडवले आणि फोन आल्यावर गुडघा पुढे केला. तीन जिने चढवत नाहीत, म्हणाले. सुटलो, असं वाटलं. त्या रविवारी घरी बसून त्यांनी मनसोक्त मोटरसायकली पाहिल्या. एक पोरगा पडला, उठला, वाकडं झालेलं हँडल तसंच धरून सगळ्यांच्या मागून शेवटचा आला. खांबेट्यांचा हात आपसूक फोनकडे गेला. कोणाला सांगणार? सांगण्यासारखं माणूस एकच, आणि त्यालाच तर ते टाळत होते. फोन परत ठेवला तेव्हा घर फार मोठं वाटलं.

पुढच्या शर्यतीला शेठचा फोन. "ये. जिना नाय चढाचा."

गेले तर तळमजल्यावरच्या खोलीतला भाडेकरू शेठनी वरच्या मजल्यावर हलवलेला. भिंतीवर टीव्ही, उशी ठेवलेली खुर्ची आणि पाय ठेवायला स्टूल.

"पाय दुखतं तं मना आधीच सांगाचा ना," शेठ म्हणाले. "ठेव पाय वर."

खांबेटे खुर्चीत बसले. आता खरं सांगणं म्हणजे या माणसाच्या तोंडावर थप्पडच. त्यांनी पाय वर ठेवला. मग आठवेना, फोनवर उजवा म्हणालो होतो की डावा?

तेव्हापासून तेच चाललंय. दहाव्या फेरीला शेठचा डोळा लागतो. परवाही लागला. त्याच वेळी मोटरसायकलची शर्यत चालू होती. खांबेट्यांनी खिशातून मोबाइल काढला, क्षणभर हातात धरला आणि परत ठेवून दिला. उठल्याबरोबर शेठ विचारणार, आणि सांगायचं तर कोणीतरी बघायला हवं. घोरणाऱ्या मित्राशेजारी बसून ते ती वरात बघत राहिले. कोण कधी टायर बदलायला आत वळला, सगळं ध्यानात ठेवत राहिले. इतकं एकटं त्यांना सानपाड्याच्या घरातही वाटत नाही.

"काय जाला? कोन जिकला?" शेठ दचकून उठले.

खांबेट्यांनी सगळं सांगितलं, अगदी हातवारे करून.

"मजा आली मंग."

"आली की."

निघताना शेठ दारात उभे राहिले, म्हणून खांबेटे गल्लीच्या वळणापर्यंत लंगडत गेले. वळणापलीकडे बघणारं कोणी नव्हतं. तिथून पुढे ते सरळ चालले.